भुऱ्याचे गुर्दे आणि गावाचं तोंड

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आधी हसून घ्यावं. कुत्र्याचे गुर्दे खराब झाले, त्याला सलाईन दिलं, त्याच्यासाठी वेगळा भात शिजवला, आणि हे सगळं एका शाळामास्तरणीनं केलं. झालं हसून? मग आता ऐका.

पलीकडच्या गावातल्या एका गुरुजींचा कुत्रा तसाच आजारी पडलाय. ते परवा शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काय काय केलं ते लिहून द्या ना." म्हणून बसले लिहायला. लिहिताना लक्षात आलं की औषधपाण्याचं अर्ध्या पानात संपतं. बाकीचा सगळा माझा राग आहे. तो काढून टाकला तर लिहिलेलं खोटं होईल, म्हणून राहू देते.

आमचं गाव नांदुऱ्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. घरात आम्ही तिघं. मी, म्हणजे सुमन, आमचे हे, आणि सासूबाई. हे नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मी गावच्याच शाळेत. मूल नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे गाव ते सांगणारच आहे. भुऱ्या चौथा. माझी इथे बदली झाली त्या वर्षी शाळेच्या पडवीत सापडलेलं भुरकट पिल्लू. मी त्याला दप्तराच्या पिशवीत घालून घरी आणलं. तेव्हापासून रोज मला शाळेपर्यंत सोडायला यायचा आणि सुटीच्या घंटेला परत फाटकाशी हजर. गल्लीत अनोळखी पाऊल पडलं की आधी भुऱ्याला कळायचं, मग आम्हाला. म्हणून तो नुसता आमचा नव्हता, अख्ख्या गल्लीचा होता. यानंच पुढे घात केला.

रोग रेड्याला, औषध पखालीला

उन्हाळ्यात भुऱ्या पाणी प्यायला लागला. प्यायला लागला म्हणजे कसा? घमेलं भरून ठेवावं आणि पाठ वळेपर्यंत रिकामं. तेवढंच मुतायचं पण. ओसरीवर, पायरीवर, एकदा तर सासूबाईंच्या देव्हाऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर. दहा वर्षांत कधी घरात घाण न केलेला कुत्रा. त्याची नजर अशी व्हायची की मलाच लाज वाटावी. जेवण कमी, अंग वाळत चाललेलं, तोंडाला वास.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय असतं ते सांगायला नको. विहिरीवर नंबर लावून बायका पाणी आणतात. सासूबाई करवादल्या. "हा कुत्रा हाय का रांजण हाय वं? किती पिऊन राह्यला!"

शेजारच्या शांताकाकू तिथेच बसल्या होत्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे तोडगा असतो. म्हणाल्या, "पानीच तोडा त्याचं. पिनार नाई तं मुतनार कसा?"

ऐकायला किती बरोबर वाटतं! तिथेच तर मेख आहे. सकाळची शाळा करून मी घरी आले तर भुऱ्या गोठ्यात बांधलेला, घमेलं पालथं घातलेलं, आणि तो रांजणाखालचा ओला चिखल चाटत होता. गळ्यातल्या दोरीनं जेवढं पोचता येईल तेवढा. मला पाहून शेपटी हलवली. उठला नाही.

मी दोरी सोडली आणि बादलीच त्याच्यापुढे ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "अवं, पोट फुटन त्याचं."

"फुटू द्या," मी म्हटलं. "तहानेनं मरण्यापेक्षा बरं."

यांनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघीचंही बरोबर हाय." या वाक्यानं माझं जितकं डोकं फिरतं तितकं शिवीनंही फिरत नाही.

दोन बैलांच्या मधे

त्याच आठवड्यात ढोरांच्या दवाखान्याचे वानखडे डॉक्टर गावात बैलांना लस टोचायला आले. नागपूरहून शिकून नुकतेच लागलेले. चावडीपुढे बैलांची रांग होती. मी भुऱ्याला घेऊन दोन बैलांच्या मधे उभी राहिले. पुढचे मागचे सगळे हसले. एक जण म्हणालाच, "बाई, त्याच्या शिंगाले रंग नाई लावला?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भुऱ्याचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी लगेच खाली बसेचना. मग विचारलं, "पाणी किती पितो?"

मी पाणी तोडल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तो पाणी जास्त पितो म्हणून मुतत नाही. लघवी थांबत नाही म्हणून पितो. गुर्दे म्हणजे गाळणं. त्याचं गाळणं खराब झालंय, म्हणून शरीर सगळं पाण्यानं धुवून काढायला बघतंय. पाणी तोडलं तर विष आतच राहील."

मागे कोणीतरी म्हणालं, "गुर्दा बकऱ्याचा खाऊन पाह्यला होता बापा, कुत्र्याचा पयल्यांदाच आयकला." पुन्हा हशा. चावडीवर हसणाऱ्यांच्या बैलांना शिंक आली तरी हीच माणसं रडकुंडीला येतात. पण बैल नांगर ओढतो ना! कुत्रा काय ओढतो?

डॉक्टरांनी रक्त काढून बाटलीत दिलं. तपासणी खामगावला, माणसांचं रक्त तपासणाऱ्याकडे. हे रजा टाकून गेले. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तिथल्या माणसानं कुत्र्याचं रक्त म्हटल्यावर बाटलीला हात लावायला नकार दिला. मग हे बाहेर जाऊन चहा पिऊन आले आणि दुसऱ्या माणसाची पाळी लागल्यावर माणसाचं रक्त म्हणून भलत्याच नावानं बाटली देऊन टाकली. संध्याकाळी कागद घ्यायला गेले तर तो तपासणारा घाबरलेला. "हे गृहस्थ तुमचे कोण? शुद्धीवर आहेत का?"

"हाव," हे म्हणाले. "सकाळीच पोस्टमनच्या अंगावर गेले होते."

आजारपणाच्या त्या सगळ्या दिवसांत मी पोट धरून हसले ती एवढीच वेळ. मग डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसू संपलं. "बरा होणार नाही," ते म्हणाले. "गेलेला भाग परत येत नाही. पण उरलेल्यावर जगवता येईल. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. आम्हाला कॉलेजात गायी-बैलांचंच जास्त शिकवलं. हे मी पुस्तकात बघून बघून करणार आहे. चालेल?"

आजवर मला एवढं खरं कोणत्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, माझ्या स्वतःच्या दुखण्यातसुद्धा. मी म्हटलं, चालेल.

आमचा दवाखाना

गुरुजी, तुमच्या कामाचं हे आहे. पाणी चोवीस तास समोर. खायला मऊ भात, त्यात थोडं तूप, अंड्याचा पांढरा भाग तेवढा. मीठ नाही. मटण नाही, हाड नाही, डाळीचं वरण नाही. माणसांना जळजळीसाठी देतात ते पांढरं पातळ औषध भातात कालवून. आणि एक दिवसाआड सलाईन.

सलाईन शिरेतून नाही. मानेमागची सैल कातडी वर उचलायची आणि तिच्याखाली सुई. पहिल्यांदा डॉक्टरांनी दिलं, दुसऱ्यांदा माझा हात धरून माझ्याकडून देववलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "आता तुम्हीच." सुई उकळायची, बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि खुंटीला टांगायची. पाणी आत गेलं की कातडीखाली मोठा फुगा येतो, बघून जीव घाबरतो, पण संध्याकाळपर्यंत शरीर ते पिऊन टाकतं. पहिल्या वेळी सुई माझ्याच बोटात गेली. भुऱ्यानं वळून माझं बोट चाटलं. मी तिथेच मोठ्यानं रडले.

हळूहळू त्याला सवय झाली. बाटली खुंटीला टांगली की आपणहून येऊन गोणपाटावर बसायचा. उलट्या थांबल्या. परत शाळेपर्यंत यायला लागला, वाटेत दोनदा बसून. एक दिवस टपालवाल्यावर भुंकला आणि मी वर्गात फळ्याकडे तोंड करून हसत राहिले.

गाव मात्र बघायला यायचं. खरंच यायचं! दारात उभं राहून कुत्र्याचं सलाईन बघायचं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? शांताकाकू माझ्यासमोरच सासूबाईंना म्हणाल्या, "लेकरू नाई ना, मंग कुत्र्यालेच लेकरू केलं तिनं. जीव कुठं तरी लावाच लागते."

मी सुई धरलेली होती म्हणून उठता आलं नाही. नाहीतर काय केलं असतं देव जाणे. ऐकून घ्या सगळ्यांनी. भुऱ्या माझं मूल नव्हता. मुलाची जागा मुलाची, ती रिकामी आहे आणि तिचं दुःख मी तुम्हाला सांगायला आले नाही. भुऱ्या कुत्रा होता आणि मला तो कुत्रा म्हणूनच हवा होता. माणसानं जनावरावर प्रेम करायला आधी काहीतरी गमवावंच लागतं, असा नियम कोणी काढला?

सासूबाई तेव्हा भुऱ्याच्या भाताकडे बघत होत्या.

पोळ्याची कर

पोळा आला. आमच्याकडे पोळा म्हणजे दिवाळीहून मोठा. त्या दिवशी मुक्या जनावराला उपाशी ठेवणं म्हणजे पाप. बैल दारोदार येतात, बाया ओवाळतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बैलांबरोबर कुत्र्यालाही मिळते. मी दिवसभर भुऱ्याला जवळ घेऊन ओसरीत बसले आणि आलेल्या प्रत्येकीला हात जोडून सांगितलं, त्याला काही देऊ नका. प्रत्येकीनं तोंड वाकडं केलं, पण पोळ्या परत गेल्या. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी कर. कर म्हणजे घरोघरी मटण. आणि नेमकी माझी नांदुऱ्याला शिक्षकांची बैठक. जाताना सासूबाईंना भात दाखवला, औषध दाखवलं, चारदा बजावलं. त्या "हाव, हाव" म्हणाल्या.

दुपारच्या गाडीनं परत आले. एसटीच्या फाट्यावर घ्यायला भुऱ्या आला नव्हता. घरी आले तर अंगणात हाडं पडलेली, एका पितळीत लाल रस्सा, त्यात भाकरीचे तुकडे, आणि भुऱ्या भिंतीशी आडवा. ओकून ओकून रिकामा झालेला, मान थरथरत होती. माझा आवाज ऐकूनही डोळे उघडले नाहीत.

गल्लीतल्या प्रत्येकानं थोडं थोडंच दिलं होतं म्हणे. एकानं हाड, दुसऱ्यानं चरबी, तिसऱ्यानं रस्सा. वर्षाचा सण, गल्लीचा राखणदार, आणि मास्तरीण घरात नाही! पण सुरुवात घरातूनच झाली होती. बकऱ्याच्या काळजाचा पहिला तुकडा सासूबाईंनी आपल्या ताटातला काढून दिला होता. ते मला शांताकाकूंनीच सांगितलं, अगदी चवीनं.

त्याच गाडीनं आलेल्या यांना डॉक्टरांकडे पिटाळलं आणि मी अंगणात उभी राहून सासूबाईंना काय काय बोलले ते लिहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी गल्ली गोळा झाली. मी म्हटलं, "तुम्ही त्याला मारलं. पहिलं तहानेनं मारत होतात, आता खाऊ घालून मारलं."

त्याही उसळल्या. "मी मारलं? जीव लावला म्हनून तं देलं ना! तू त्याले शितं मोजून चारून राह्यली. तो माह्या ताटाकडं पाहे, तोंडातून पानी गयत जाय त्याच्या. मले घास गियता येत नव्हता."

"डॉक्टरनं सांगितलं होतं!"

"डाक्तर!" त्या खाली बसल्या. मग आवाज उतरला. "माह्या गणूलेबी वैद्यानं लंघन सांगतलं होतं. तापात अन्न द्याचं नाई म्हने. चार वर्साचा होता. भाकर दे माय, भाकर दे माय, करत गेला. चुलीवर भाकर होती, सुमन. म्या नाई देली."

गणू नावाचा माझा एक दीर होऊन गेला, हे मला त्या दिवशी कळलं. यांनासुद्धा नीट माहीत नव्हतं. गल्ली हळूहळू पांगली.

तुम्हाला वाटेल, मग माझा राग गेला असेल. नाही गेला. आज तर तो वैद्याचाही येतो, आणि त्या पोराला भाकरी न दिल्याबद्दल एका बाईला जन्मभर गप्प बसवणाऱ्यांचाही येतो. फक्त त्या दिवसापासून सासूबाईंवर ओरडायला तोंड उघडलं की शब्द येईनात.

पुढचे महिने

डॉक्टर आले, सलाईन शिरेतून दिलं, घरीच ओसरीवर. पुढचे काही दिवस रोज शाळेआधी आणि शाळेनंतर मी बाटली लावायची. भुऱ्या वाचला. पण आधीचा राहिला नाही. गाळणं आणखी फाटलं होतं, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

सासूबाईंनी माफी मागितली नाही आणि मी माफ केलं नाही. एवढंच झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर भुऱ्याचा भात चुलीवर होता. बिनमिठाचा. मी चाखून पाहिला, कारण माझा विश्वास नव्हता. त्या बघत होत्या. "पाह्य, पाह्य," म्हणाल्या, "चांगली चाखून पाह्य." पुढे रोज भात त्यांनीच लावला. आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच होतं. सलाईन लावताना त्याचं डोकं मांडीवर धरायला माणूस लागायचं, ते काम त्यांनी आपणहून घेतलं. तोंड दुसरीकडे करून बसायच्या, सुई बघवायची नाही म्हणून.

गुरुजी, तुम्ही विचारलंत, त्रासाच्या मानानं मिळालं काय? सांगते. त्याला दसरा मिळाला. कापूस वेचणीचे दिवस मिळाले, ढिगावर ऊन खात झोपण्याचे. रोज बादलीभर पाणी मिळालं आणि ते पिताना त्याला कोणी हटकलं नाही. याला तुम्ही थोडं म्हणाल तर म्हणा. तुमच्या कुत्र्याचं आत्ता लवकर कळलंय, त्याला जास्त मिळेल. पाणी तोडू नका. आणि सणाच्या दिवशी घर सोडून कुठल्याही बैठकीला जाऊ नका, साहेब काय म्हणायचं ते म्हणो.

थंडी वाढली तसा तो खाईना. सलाईनचं पाणी कातडीखाली तसंच राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता सुई नको. रविवार होता, सकाळचं ऊन अंगणात आलं होतं, आम्ही तिघं घरीच होतो. भुऱ्यानं वाटीतल्या पाण्याला दोनदा जीभ लावली, सासूबाईंच्या मांडीवर डोकं टेकवलं, आणि थोड्या वेळानं यांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली.

यांनी बांधावर खड्डा खणला. आम्ही परतलो तर शांताकाकू ओसरीत येऊन बसलेल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि अशा वेळी म्हणतात तेच म्हणाल्या. "सुटला वं बिचारा. बरं झालं, सुटला."

माझ्या तोंडाशी आलंच होतं. पण माझ्याआधी सासूबाई वळल्या, मातीचे हात तसेच.

"सुटला म्हनू नको, शांते," त्या म्हणाल्या. "कोनाच्याच लेकराले सुटला म्हनू नको. त्याले जगायचं होतं."